ऐकू येतंय का

बिरप्पाच्या डोक्यावर मलम लावून तारा चिकटवायला सुरुवात झाली, तशी मायाक्का स्टुलावरून उठली.

"दुखंल का वो ह्यास्नी?"

"काही होत नाही," डॉ. हत्तुरे म्हणाले. "मेंदूत काय चाललंय, ते नुसतं कागदावर उमटतं."

सोलापुरात हे यंत्र नवीनच आलं होतं. बिरप्पा खाटेवर डोळे मिटून पडला होता. दिवाळी झाल्यावर तो आणि त्याचा मुलगा आण्णा मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी कोकणाकडं उतरले होते. उन्हाळ्यात बिरप्पा एकटाच माघारी आला. आला तो मुका होऊन. हाक मारली तरी मान वळायची नाही. घास भरवला तर गिळायचा, तेवढंच.

"आणि मुलगा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेंढरांपाशी हाय की. यील सवडीनं," मायाक्का म्हणाली आणि नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करू लागली.

"आवाज कानावर पडणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. "ते आपल्याला बघायचंय."

आधी त्यांनी केरळच्या नर्सला तिच्या भाषेत बोलायला लावलं. ती बराच वेळ काहीबाही बोलली. यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर संथ लाटा काढत राहिल्या.

"आता तुम्ही. घरी बोलता तसंच बोला."

मायाक्का वाकली. "आवं, आयकलं का? शेळी व्यालीया. दोनी पाठीच झाल्यात, बोकड एक बी न्हाय."

लाटा मोडल्या. रेघा बारीक आणि दाट झाल्या.

"आन आण्णाचा सांगावा आलाय. पाऊस पडला की येतो म्हनलाय. आल्या आल्या लगीन उरकून टाकू. मोडनिंबची पोरगी हाय, लई गुणाची. तुमी आहेराचं बगा."

लेखण्या थरथरू लागल्या. बिरप्पाचा चेहरा मात्र दगडासारखा होता.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. मायाक्काला आणि नर्सला बाहेर पाठवून दार लोटलं. मग खाटेवर टेकून ते हळूच म्हणाले, "बिरप्पा, तुम्हाला ऐकू येतं. कळतंही सगळं. मग बोलत का नाही?"

मिटल्या पापणीखालून पाणी ओघळून कानात गेलं.

"तिला सांगू नगा," बिरप्पा म्हणाला. आवाज गंजल्यासारखा झाला होता.

"काय सांगू नको?"

"आण्णा गेला. तापानं. घाटाच्या वाटंवर म्याच मातीत ठिवला त्याला." त्याचे ओठ वाकडे झाले. "घरी आलो तवा ती दारात हसत हुबी. माझ्या मागं बगत हुती, पोरगं कुटं हाय म्हून. तोंड उगडलं तर त्येच सांगावं लागंल, डागदर. ती तर लगीन ठरवतीया."

डॉक्टर बाहेर आले.

मायाक्का व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. बिरप्पाचं गुपित फोडायचं नाही, पण चांगली बातमी तेवढी द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

"ऐकू येतं त्यांना, मायाक्का."

"समदं?"

"सगळं. शब्द न् शब्द कळतो."

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती भिंतीला घसटत खाली बसली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग लोटलेल्या दाराकडं बघत, आत जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "आण्णा गेल्याचं मला कवाच कळलंय, डागदरसाब. कोकणाच्या अंगानं आलेल्या मेंढक्यानं सांगितलं. ह्यास्नी इसर पडलाय, तर पडू दे म्हनलं. तुमी आज ऐकू येत न्हाय म्हनला असता, तर घरी जाऊन ह्यांच्याजवळ बसून एकदा मोठ्यानं रडून घेतलं असतं."