नकाशातली काठी

“नकाशातली काठी पुसू नको,” आई म्हणाली. “ते आले की रोवतील परत.”

सुगंधाने नकाशा उघडलेला फोन खाली ठेवला. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाण्याखालची वाळू सरकते. दर नारळी पौर्णिमेनंतर बाबा ती चाचपून, होड्यांना दिसेल अशी काळ्या निशाणाची काठी रोवायचे. कुणालाही भर घालता येते अशा नकाशात सुगंधाने ती गेल्या वर्षी टाकली आणि परगावच्या होड्या फोन बघून आत येऊ लागल्या. यंदा काठी रोवतानाच ओहोटीने बाबांना ओढून नेलं. ते सापडले नाहीत. नकाशात मात्र काठी जुन्या जागी उभीच होती.

त्याच आठवड्यात परगावची एक होडी त्या नसलेल्या काठीला वळसा घालून आली, वाळूवर चढली आणि लाटेने उलटली. दोघे पोहत आले. होडी हाकणारा तांडेल आला नाही.

सकाळी त्याची बायको किनाऱ्यावर येऊन बसली. आईने तिला पाणी नेऊन दिलं.

“येतील ना हो ते?” तिने विचारलं.

आई वळून घरी आली. “पूस ती काठी.”

सुगंधाने पुसली. नकाशाने बदलाचं कारण विचारलं.

“लिही,” आई म्हणाली, “रोवणारा बुडाला.”