अंग भरलं

एचआयव्हीच्या जुन्या गोळीनं पौर्णिमाला चक्कर यायची, रात्रभर भेसूर स्वप्नं पडायची. मग अकोल्याच्या सेंटरवर नवी गोळी मिळाली. झोप लागली, भूक लागली, अंग भरलं. पोटही सुटलं.

अकोटला घरी सासूनं दार लोटून घेतलं आणि तिच्या पोटाकडे बोट केलं. "नितेशले जाऊन दोन साल झाले. हे कोनाचं हाय?"

आपला पोरगा काविळीनं गेला, एवढंच सासूला माहीत होतं. पौर्णिमानं भिंतीवरच्या नितेशकडे पाहिलं.

सकाळच्या एसटीनं ती सेंटरवर गेली.

"मॅडम, मले जुनीच गोळी द्या."

"काहून गं? तिनं तर तू भिऊन उठत होती."

"तवा झोपीतच भेव वाटे, मॅडम."