दोघींचं पथ्य

"दोन्ही डब्या एकीनेच भरल्यात का?" संशोधक मॅडमनी विचारलं.

टेबलापलीकडे जुळ्या बहिणी बसल्या होत्या. नाक तेच, भुवया त्याच, फक्त आतड्याच्या आजाराने धाकटी निम्मी झाली होती.

"वर्गात जागा बदलल्यात आम्ही, मॅडम," थोरली म्हणाली. "एकदा चष्मासुद्धा. पण शीच्या डब्या? इतकी वाईट वेळ अजून आली नाही."

धाकटीला खुदकन हसू फुटलं. मॅडमनी मात्र संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर रंगीत पट्टे होते. एकेक रंग म्हणजे पोटातल्या जिवाणूंची एकेक जात. थोरलीचा जुना पट्टा गच्च रंगीबेरंगी होता, धाकटीचा दोन-तीन रंगांत आटोपलेला. नवे पट्टे दोघींचेही सारखेच विटके दिसत होते.

"जनुकं तुमची एकच," मॅडम थोरलीला म्हणाल्या. "तरी हिची प्रतिकारशक्ती हिच्याच आतड्यावर धावून जाते, तुझी गप्प बसते. म्हणून तुझ्या पोटातले जिवाणू हिला द्यायचं ठरवत होतो. पण दोन्ही डब्या हिच्याच नसतील, तर तुझ्याकडेच आता देण्यासारखं काही नाही. तुला या कामातून वगळावं लागेल."

थोरलीचे कान तापले. बहिणीला मीच बरी करणार, असं सांगत ती शाळाभर मिरवली होती.

"हल्ली खातेस काय तू?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

थोरली नखाने टेबलाची कड खरवडू लागली. "ही खाते तेच. मऊ भात. उकडलेला बटाटा, साल काढून."

"कधीपासून?"

"हिचं बाकीचं सगळं बंद झालं तेव्हापासून. हिच्यासमोर बसून कचाकचा दाणे कसे खाणार? आईला सांगितलं, मला बारीक व्हायचंय."

"आणि मी विचारलं तेव्हा रोजचंच खाते म्हणालीस."

"रोज तेच खात होते की."

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मला वाटलं, तुलाही झालंय," धाकटी म्हणाली. "माझ्यापासून लपवतेयस. तू संडासात गेलीस की मी दाराबाहेर उभी राहायचे, कण्हतेस का ऐकायला."

थोरली तिच्याकडे बघतच राहिली. "आणि मी तिकडे उरकत होते घाईघाईने. म्हटलं, हिला लागलीय."

आता मॅडमना हसू आवरेना. दोघींनाही आवरेना. धाकटीने पोट धरलं, आणि या वेळी ते दुखत नव्हतं.

"अगं बायांनो," मॅडम डोळे टिपत म्हणाल्या, "या जिवाणूंना पोसावं लागतं. तुझ्या भातात त्यांच्यासाठी काही नव्हतंच. आता गाजर, चणे, डाळी, फळं सालीसकट, सगळं खा. महिन्याभराने नवी डबी आण."

"मग देता येईल हिला?"

"पट्टा भरला तर. भरेल असं मला वाटतं. खायला मिळालं की परततात ते."

खाली उपाहारगृहात दुपारची गर्दी ओसरली होती. थोरली सवयीने कोपऱ्यातल्या टेबलाकडे निघाली, इतरांची ताटं धाकटीला दिसू नयेत म्हणून दोघी भिंतीकडे तोंड करून बसत तिथे. धाकटीने तिची वेणी धरून तिला मागे ओढलं, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः काउंटरवर गेली. परतली ती गाजराच्या फोडींची बशी घेऊन. बशी थोरलीपुढे सरकवून ती समोरच बसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून.

"तू अशी बघत बसणार?"

"हो."

थोरलीने एक फोड उचलली. काडकन आवाज झाला. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी पेपर खाली करून पाहिलं. थोरलीने ओशाळून घास पटकन गिळायला घेतला.

"नीट चाव ना," धाकटी म्हणाली. "अर्धं माझं आहे."