मागे आलेला हात

सुवर्णविजेत्या धावपटूने टीव्हीवर सांगून टाकलं, "मी समलिंगी आहे. आणि हा माझा जोडीदार." शेजारचा तरुण लाजला.

सुजितचा नुसता जळफळाट झाला. एकेकाळी रिलेत तिसरा टप्पा सुजित पळायचा, शेवटचा हा धावपटू. सुजित "हात!" ओरडला, की तो वळूनही न बघता हात मागे करायचा आणि सुजित त्यात बॅटन ठेवायचा. एकदा सरावाहून परतताना, बॅटन नसतानाच, तो हात मागे आला. सुजितने आपले हात खिशात घातले.

"शंभर मीटरची सगळी पदकं त्यानेच नेली. अजून जळता का हो त्याच्यावर?" बायकोने विचारलं.

"त्याच्यावर नाही."

पडद्यावर तो उठून चालू लागला. न बघताच त्याने हात मागे केला. त्या तरुणाने तो झटकन धरला.