दादाचं होल्स्टर

कमरेला पिस्तूल अडकवायची चामड्याची जुनी होल्स्टर जमवायची, त्यांचं वय आणि मोल सांगायचं, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. त्या दुपारी वहिनी त्याच्या दुकानात आली ती दादाचं होल्स्टर छातीशी घट्ट धरून.

दादा वनरक्षक. गेल्या महिन्यात जंगलात गेला तो परतलाच नव्हता. बंद तुटला म्हणून होल्स्टर तेवढं घरी राहिलं होतं.

"भाऊजी, हात लावून बघा."

त्याने लावला. कमरेकडची बाजू कोमट होती, आत्ताच कुणी अंगावरून उतरवल्यासारखी.

"हे गेल्यापासून ते असंच गरम आहे. त्याच्यावरच मी धीर धरून होते. आज सकाळपासून निवत चाललंय. तुम्हाला चामड्यातलं कळतं. काहीतरी करा हो."

त्याने ते उन्हात ठेवलं, दिव्याखाली धरलं, तेल चोळलं. ते निवतच गेलं. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. काहीच सुचेना, तेव्हा त्याने सदरा वर करून होल्स्टर आपल्या उघड्या कमरेला लावलं आणि वरून स्वतःचा पट्टा आवळला.

हळूहळू त्यात ऊब आली. वहिनीने हात लावून पाहिलं आणि तिला रडू कोसळलं.

त्याला मात्र हुडहुडी भरली होती. त्या बाजूचा पाय बधिर झाला होता, आणि रिकाम्या होल्स्टरचं ओझं वाढत चाललं होतं. त्याने पट्ट्याकडे हात नेला.

"काढू नका, भाऊजी," वहिनी हळूच म्हणाली आणि तिने दाराला आतून कडी लावली.