मधाच्या रंगाची जोड

"वहिनी, डोळे मीट. मीट ना. आणि हात पुढे कर."

दिराचा तो आवाज थोरलीच्या कानात अजून जसाच्या तसा होता. सासू गेली तेव्हा तो एवढासा होता, तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे तो बटणांच्या कारखान्यात लेथवर लागला. तिथं जाड प्लॅस्टिकच्या एका नळीतून त्यानं दोन बांगड्या कातल्या. रंग मधाचा, आत तांबडी शीर. पहिली त्यानं वहिनीच्या हातात सरकवली.

"दुसरी बायकोला. पण पहिली तुला दिली हे तिला सांगू नकोस हं. रुसून बसेल."

थोरली हसली होती. गंमत होती ती. त्याच वर्षी तो तापानं गेला, आणि गमतीचं गुपित झालं.

पुढे थोरलीचा नवराही गेला. मूलबाळ कुणालाच नव्हतं. घरात उरल्या दोघी जावा.

"ह्यांनी दोन केल्या होत्या, जाऊबाई," धाकटी म्हणायची. "माझ्या हातातलीची जोड कारखान्याच्या मालात विकली गेली असणार. कुठं ना कुठं सापडेलच."

तेव्हाच सांगायचं होतं. पण जीभ उचलली नाही. न बोललेला शब्द पोटात वाढत जातो. आज लाज वाटली, उद्या भीती. कळलं तर ही घर सोडून जाईल, आणि मग भिंतींशी बोलत बसायचं.

बांगडी मनगटाला सैल होती म्हणून थोरलीनं ती दंडावर चढवली, वरून लांब बाही. वयाबरोबर दंड भरला, आणि ती कोपराखाली उतरेना.

धाकटी दर रविवारी जुन्या बाजारात जायची. भंगारवाले, पेट्यावाले, सगळे तिला ओळखायचे. जुनं प्लॅस्टिक ती अंगठ्यानं घासून नाकाशी धरायची. नाक असं की शेजारणीचं दूध लागलेलं शेजारणीआधी हिला कळायचं.

"खरं जुनं असेल ना जाऊबाई, तर गरम पाण्यात दवाखान्यासारखा वास सुटतो," ती सांगायची. "नव्याला कसला वास आणि कसलं काय."

हे ऐकलं त्या दिवसापासून थोरलीला अंघोळीची धास्ती बसली. हाडं दुखायची, कढत पाण्याशिवाय तिला अंघोळ जमायची नाही. पण नशीब थोर. धाकटीला डोकेदुखी होती. थोरली न्हाणीतून बाहेर यायची तेव्हा ही कपाळाला बाम थापून बसलेली. घरभर बामाचा दर्प, दुसरा वास येणार कुठून? बिचारीचं डोकं दुखतं, आणि आपल्याला बरं वाटतं. थोरलीला स्वतःचीच लाज वाटायची.

बाजारातून पिशवी भरून यायची. चेरीसारख्या लाल बांगड्या, शेवाळी कडी, फुलाफुलांची काळी कर्णफुलं. धाकटी बांगड्या कोपरापर्यंत घालून मिरवायची. हात हलला की लाकडासारखा खटखट आवाज. गल्लीत तिला प्लॅस्टिकची राणी म्हणत. तिला ते आवडायचं.

"आधी पोटोबा, मग बांगडोबा," थोरली ताट वाढत म्हणायची.

"तुम्हाला नाही कळायचं. तुमचे हात आपले लंकेच्या पार्वतीचे."

मधाच्या रंगाचं मात्र तिनं कधी काही आणलं नाही. दिसलंच नसेल, थोरली म्हणायची, देवाचीच कृपा. एकदा थोरली चष्मा शोधत घरभर फिरली. चष्मा कपाळावर. धाकटी हसून म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." थोरलीनं चष्मा नाकावर घेतला आणि बाही खाली ओढली.

मग एका रविवारी न्हाणीच्या ओल्या फरशीवर थोरलीचा पाय सरकला. पडली ती कोपरावर. धाकटी बाजारातून येईतो दंड फुगून वर आला होता, आणि बांगडी मांसात रुतत होती. बोटं निळसर झाली होती.

"काय झालं? बघू."

"काही नाही. मुका मार आहे."

"बघू म्हणते ना. शेकायला पाणी तापवते."

"नको. पाणी नको गं, गरम नको." थोरलीनं बाही घट्ट धरली. "तू बाहेर जा. तुझ्या पाया पडते."

"माझ्या पाया पडायला आधी उठता यायला हवं," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

परत आली ती साबणाचं पाणी आणि दोऱ्याचं रीळ घेऊन. न विचारता थोरलीची बाही खांद्यापर्यंत वर केली. थोरलीनं डोळे मिटले. कानात तोच आवाज: मीट ना, हात पुढे कर.

आता ही ओरडेल. आता पिशवी उचलेल.

आवाज आला तो दोरा गुंडाळल्याचा. धाकटी बांगडीखालून कोपरापर्यंत दोरा आवळत नेत होती, वेढ्याला वेढा लावून, वरून साबण.

"काप ती," थोरली पुटपुटली. "मी नाही लायक तिच्या."

"गप्प बसा. ह्यांच्या हातची वस्तू कापतात होय? सैल सोडा हात."

बांगडी तसूतसूनं उतरली. कोपरावर अडली, थोरली कण्हली, मग सुटली. दोरा काढताच बोटांत रंग परतला.

धाकटीनं ती पुसली. स्वतःच्या मनगटातल्या बांगडीवर हलकेच आपटली. खट्. एकाच नळीचा आवाज.

"अगं, मी सांगणार होते. तो म्हणाला होता सांगू नकोस. आणि मग तू शोधत राहिलीस. मी रोज... तुझं डोकं दुखायचं म्हणून वास झाकला जायचा. मी देवाचे आभार मानायची. तुझ्या दुखण्यासाठी आभार मानायची गं मी."

धाकटीनं तिचा दुसरा, धड हात हातात घेतला. बोटं गोळा करून ती बांगडी त्यावर चढवली, आणि लांब बाही होती तशी खाली ओढून नीट केली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "माझं डोकं कधीच दुखलेलं नाही."