माफीवरचा उतारा

मंत्री खानविलकरांच्या दंडात पश्चात्तापाचं इंजेक्शन गेलं आणि कॅमेरे सुरू झाले. जाहीर माफी आता कायद्यानं मनापासूनचीच लागायची, त्यामुळे प्रत्येक पुढारी आधी हे टोचून घ्यायचा.

समोर कुसुम तारळेकर बसल्या होत्या. सरकारी वसतिगृहाचं छत कोसळलं तेव्हा त्यांची मुलगी मृणाल आत झोपलेली होती.

"ताई, मला माफ करा," म्हणताना मंत्री खरोखरच हमसून रडू लागले. हा माणूस समोर आला की त्याच्या तोंडावर थुंकायचं, असं कुसुमताईंनी ठरवलं होतं. पण त्यानं हात जोडले तेव्हा त्यांनी ते नकळत धरले.

कॅमेरे बंद झाल्यावर सचिव डॉक्टरांना घेऊन आत आले. डॉक्टरांच्या हातात उताऱ्याची सुई होती.

"नको!" मंत्री उठून उभे राहिले. "मला असंच राहू द्या. ताई, मुलींना तिथून हलवा म्हणून इंजिनिअर मला सांगून गेला होता. मीच ऐकलं नाही. मी पोलिसांत जबाब देतो."

"साहेब, काहीही झालं तरी उतारा द्यायचा, हे तुम्हीच बजावलंय," सचिव म्हणाले आणि त्यांनी मंत्र्यांना भिंतीशी दाबून धरलं.

"सोडा त्यांना!" कुसुमताई डॉक्टरांचा हात ओढू लागल्या, पण सुई आत गेली होती.

थोड्या वेळानं मंत्र्यांनी चेहरा पुसला, कॉलर सारखी केली.

"साहेब, पोलिसांत कधी जायचं?" कुसुमताईंनी विचारलं.

मंत्री सचिवांकडे वळले. "बाईंना घरी सोडायला गाडी सांगा. धक्क्यातून सावरलेल्या दिसत नाहीत अजून."